खांदा पुढून दुखतोय? मिरवणुकीआधी हे वाचा

गणेशोत्सवाला दीड-दोन महिने उरले की भिडे पुलाजवळच्या नदीपात्रातले ढोल नारायण पेठेत घराघरांत ऐकू येऊ लागतात. आवाजावरून दरवर्षी वाद होतो. वादकांच्या खांद्यांविषयी मात्र कुणी बोलत नाही. वर्षभर माउस हलवणारा हात अचानक रोज दोन-तीन तास टिपरू चालवतो किंवा डोक्यावर ध्वज नाचवतो. काही दिवसांत खांद्याच्या पुढच्या बाजूला ठणका लागतो. मग ‘शीर चढली’ म्हणत बाम चोळला जातो.

ही ‘शीर’ बहुधा बायसेप्सचा, म्हणजे दंडातल्या बेटकुळीचा टेंडन असतो. दोरीसारखा हा भाग दंडाच्या हाडावरच्या अरुंद खाचेतून वर जातो आणि सांध्याच्या आत, वाटीच्या वरच्या कडेला जोडलेला असतो. हात पुढे आणि वर नेताना तो खाचेत घासतो. सवय नसताना भार एकदम वाढला की तो दुखावतो, आणि तसेच वाजवत राहिले तर कमजोर होत जातो. अनेकदा त्याच्यासोबत खांदा जागेवर धरणारे रोटेटर कफचे टेंडनही बिघडलेले असतात. म्हणून हात तपासून घ्यावा. साध्या एक्स-रेत टेंडन दिसत नाही. गरज वाटली तर डॉक्टर सोनोग्राफी सांगतात.

उपचार कंटाळवाणे आहेत, पण बहुतेकांना शस्त्रक्रिया लागत नाही. दुखवणारी हालचाल काही दिवस कमी करायची. हात झोळीत बांधून ठेवू नये, सांधा आखडतो. फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली आधी कोपर वाकवून, हात न हलवता दुसऱ्या हाताच्या विरोधात जोर लावायचा. मग हलके वजन, सावकाश खाली आणत. जोडीला पाठीच्या फऱ्याचे व्यायाम. थोडे दुखले तर चालेल, दुसऱ्या दिवशी सकाळी वाढलेले नसावे. याला साधारण 6 ते 12 आठवडे लागतात. म्हणजे सराव ऐन भरात असताना धरलेला खांदा अनंत चतुर्दशीपर्यंत पूर्ण बरा होईलच असे नाही. त्या वर्षी दोरी धरायला उभे राहावे, त्यात कमीपणा नाही.

वेदनाशामक गोळी घेऊन लक्ष्मी रस्त्यावर उतरणे मला सर्वांत धोक्याचे वाटते. मिरवणूक आता 24 तासांत संपत नाही, आणि गोळी दुखण्याची सूचनाच बंद करते. ‘एक इंजेक्शन मारून घेऊ’ हाही तसाच हट्ट. स्टेरॉइड थेट टेंडनमध्ये गेले तर तो तुटू शकतो.

दोष वादकांच्या हौसेचा नाही, सरावाच्या वेळापत्रकाचा आहे. पहिल्या दिवसापासून पूर्ण वेळ कशाला? पहिल्या आठवड्यात अर्धा तास, मग थोडे थोडे वाढवत न्यावे. ध्वज आळीपाळीने द्यावा. हजेरीसाठी कडक असणाऱ्या पथकांना हे अवघड नाही.

‘कट्’ असा आवाज येऊन दंडात गोळा उठला, काळेनिळे झाले, तर त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञाकडे जा. मधुमेह आहे आणि हात बाहेरच्या बाजूला फिरतच नाही, तर तो आखडलेला खांदा असू शकतो. त्याचे उपचार वेगळे. आणि डाव्या खांद्यासोबत छातीत दडपण, घाम किंवा धाप असेल, तर ढोल तिथेच सोडा आणि 108 ला फोन करा.