चॅनल कोणासाठी?

सुट्टी जवळ आली की हाऊसमध्ये एकच चर्चा सुरू होते. या वेळी यूट्यूब चॅनल काढायचे, हजार सबस्क्रायबर मिळवायचे आणि पैसे कमवायचे! मला हे गणितच चुकीचे वाटते.

शॉर्ट्स सोडून मोठे व्हिडिओ करणाऱ्याला जाहिरातींचे पैसे मिळायला हजार सबस्क्रायबर तर लागतातच, शिवाय बारा महिन्यांत ४,००० तास ते पाहिले जावे लागतात. म्हणजे पाच मिनिटांचा व्हिडिओ ४८,००० वेळा पूर्ण पाहिला गेला पाहिजे. नव्या चॅनलने एवढ्या मोठ्या आकड्यामागे धावले तर दोन महिन्यांतच ते बंद पडते.

मग चॅनल काढूच नये का? जरूर काढावे, पण आधी प्रेक्षक ठरवावा. सैनिक शाळेची सहावीची प्रवेश परीक्षा मराठीतूनही देता येते. तिच्या ३०० गुणांपैकी १५० गुण गणिताचे असतात. गावात क्लास नसलेल्या मुलाला अपूर्णांकाचे उदाहरण नीट समजावणारा एक दादा हवा असतो. आपणही प्रवेश परीक्षा देऊनच इथे आलो आहोत. हे काम आपल्याला नक्की जमेल.

फोन फक्त सुट्टीतच हाती येतो, हे खरे. म्हणून सुट्टीतच आठ व्हिडिओ तयार करावेत आणि दर रविवारी एक प्रसिद्ध होईल अशी वेळ लावून ठेवावी. फळा, खडू आणि स्पष्ट आवाज एवढे पुरे. गणवेश आणि शाळेचा परिसर मात्र दाखवू नये.

सुरुवातीला वीसच जण पाहतील. पण वर्गात वीसच मुले असली, म्हणून सर शिकवायचे थांबतात का?