पत्ता मोडेमला विचारा!

व्हायवात हमखास येणारा प्रश्न : "आयपी अ‍ॅड्रेस कोण देतं?" आणि हमखास ठोकून दिलेलं उत्तर : "सर, डीएचसीपी सर्व्हर!" मार्क मिळतात, विषय संपतो. पण मित्रांनो, फायनल इयरला हेच उत्तर नडतं. कारण शेतातल्या पंपाच्या प्रोजेक्टला लॅबची इथरनेट केबल पोहोचत नाही, तिथे असतो सिम घातलेला डोंगल. म्हणून माझं स्पष्ट मत आहे, की नेटवर्क्सच्या प्रॅक्टिकलमध्ये मोबाईल मोडेमचा एक तरी प्रयोग हवाच.

लिनक्सवर बऱ्याच मोडेमचा इंटरफेस 'डब्ल्यूवॅन झीरो' नावाने दिसतो. दिसायला इथरनेटचा सख्खा भाऊ. मुलं सवयीने त्याला १९२.१६८.१.१० देतात, मास्क २५५.२५५.२५५.० टाकतात आणि पिंग करत बसतात. उत्तर येत नाही. मग सिम कंपनीला शिव्या! खरी गोष्ट अशी, की डेटा कनेक्शन जोडतानाच मोबाईल नेटवर्क मोडेमला पत्ता देऊन मोकळं होतं. आयपीव्ही४ मध्ये मिळतो तो एकच पत्ता आणि सोबत डीएनएस. सबनेट मास्क नाही, गेटवे नाही! दुवा पॉइंट-टू-पॉइंट, शेजारीपाजारी कोणी नाहीच, तर एआरपी हाक कुणाला मारणार? मोडेम जो /३० वगैरे मास्क आणि गेटवे दाखवतो, तो त्याच्या फर्मवेअरने आपल्या समाधानासाठी रचलेला असतो. (पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला मोडेमचं कौतुकच वाटलं.)

नव्या मोडेमपैकी अनेक तर इथरनेट हेडर घेतच नाहीत, त्यांना 'रॉ आयपी' लागतं. ड्रायव्हर अजून इथरनेटच्या भ्रमात असला, की स्क्रीनवर 'कनेक्टेड' दिसतं आणि डेटा शून्य. अशा वेळी अंदाज बांधण्यापेक्षा मोडेममॅनेजरला विचारावं. बेअररच्या माहितीत पद्धत, पत्ता, प्रीफिक्स, गेटवे, डीएनएस असं सगळं असतं. पद्धत 'स्टॅटिक' असेल तर तेच आकडे इंटरफेसवर चढवायचे. पण इथला 'स्टॅटिक' म्हणजे कायमचा नव्हे हं! कनेक्शन तुटून पुन्हा जोडलं, की पत्ता बदलू शकतो. स्क्रिप्टमध्ये हाताने लिहिलेला आकडा काल रात्री चालतो आणि डेमोला रुसतो.

आणि पत्ता मिळाला म्हणून बाहेरच्याला घर सापडेलच असं नाही. पत्ता १००.६४ ने सुरू होत असेल तर समजावं, की आपण कंपनीच्या मोठ्या नॅटच्या आत आहोत. २०१२ साली आरएफसी ६५९८ ने १००.६४.०.० /१० हा पट्टा त्यासाठीच राखून ठेवला. आत बसलेल्या पंपाचं वेबपेज बाहेरून उघडणार नाही, पंपानेच आपणहून सर्व्हरला फोन लावायचा! आयपीव्ही६ मध्ये एका कनेक्शनला अख्खा /६४ मिळतो, पण तिथेही फायरवॉल आडवा येऊ शकतो.

हे सगळं कशासाठी? आपल्याकडे शेतीची वीज पाळीपाळीने, कधी रात्रीची येते. अंधारात मोटार चालू करायला जाणं वाचावं म्हणून शेतकऱ्यांनी मिस्ड कॉलवर चालणारे साधे मोबाईल स्टार्टर केव्हाच बसवलेत. त्याहून महाग आपला प्रोजेक्ट पत्ता बदलला म्हणून बंद पडणार असेल, तर शेतकऱ्याने तो का घ्यावा?

सिलॅबस आधीच भरलाय म्हणे. १९९३ साली सीआयडीआर आलं, तरी क्लास ए-बी-सीच्या तक्त्यांनी आपण जर्नलची पानं भरतोच ना? त्यातली दोन पानं कमी करा. एक डोंगल, एक सिम आणि दोन तास, एवढंच मागते आहे.