पिंजरा स्वयंपाकघरात नको

बारामती-इंदापूर भागात पिंजरा बहुधा स्वयंपाकघराच्या दाराशीच टांगलेला दिसतो. तिथे माणसांची ये-जा असते, पोपट लवकर बोलायला लागतो म्हणून. माझ्या मते घरातली सर्वांत वाईट जागा तीच.

पक्ष्याच्या फुफ्फुसांना हवेच्या पिशव्या जोडलेल्या असतात. फुफ्फुसातून हवा एकाच दिशेने वाहते आणि श्वास सोडतानाही प्राणवायू शोषला जातो. उडायला ही रचना उत्तम. पण विषारी वायूही तितक्याच झपाट्याने रक्तात जातो. ब्रिटनच्या कोळसा खाणींत १९८६ पर्यंत कॅनरी पक्षी नेत, ते यासाठीच. नॉनस्टिक तवा रिकामाच तापत राहिला, तर त्याच्या धुराने माणसाला बहुधा थंडीतापासारखा त्रास होतो; पक्षी काही मिनिटांत मरू शकतो. डासांच्या कॉइलचेही तेच. एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण बाहेर पडतात, असे २००३ च्या अभ्यासात आढळले. पिंजऱ्याखाली झोपलेले लेकरूही तीच हवा घेते, मग त्याच्या खोकल्यासाठी नुसते सिरप काय करणार?

पक्षी मोकळा सोडताना छताचा पंखा बंद ठेवा. चॉकलेट, अव्होकॅडो अजिबात नको. पक्षी मलूल असताना घरात कुणाला ताप, कोरडा खोकला आला, तर डॉक्टरांना पिंजऱ्याबद्दल जरूर सांगा. पोपटाकडून माणसाला न्यूमोनिया होऊ शकतो.

हे सारे लव्हबर्ड, बजरीगार पाळणाऱ्यांसाठी. आपला हिरवा रानपोपट पिंजऱ्यात ठेवणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हाच आहे.