करार जगाचा, देवराई आपली

निसर्गरक्षण ही पाश्चात्त्यांनी जगाला दिलेली देणगी आहे, असा समज आपल्याकडील इंग्रजाळलेल्या विद्वानांनी मोठ्या निष्ठेने जोपासला आहे. वस्तुस्थिती काय आहे? १९९२ साली रिओ दि जानेरो येथे जैवविविधता करार स्वाक्षरीसाठी खुला झाला. भारताने १९९४ साली त्याला अनुसमर्थन दिले. अमेरिकेने १९९३ साली स्वाक्षरी केली. अनुसमर्थन मात्र अद्याप दिलेले नाही. जगाला पर्यावरणाचे पाठ देणारा देश स्वतः कराराच्या उंबरठ्याबाहेर! याच अमेरिकेत १९९५ साली हळदीच्या जखम भरून काढण्याच्या गुणावर पेटंट दिले गेले. आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने झुंज देऊन १९९७ मध्ये ते रद्द करविले.

म्हणून करारच त्याज्य ठरतो, असे नव्हे. त्याच्या तिसऱ्या कलमाने प्रत्येक राष्ट्राचा स्वतःच्या साधनसंपत्तीवरील सार्वभौम अधिकार मान्य केला आहे. चौदावे कलम सांगते की, जैवविविधतेला गंभीर बाधा आणू शकणाऱ्या प्रकल्पांचे आधी परिणाम-मूल्यांकन व्हावे. त्याला 'शक्य तितके व योग्य असेल तसे' अशी पळवाट जोडली आहे, हा भाग वेगळा. पुढे २००४ साली क्वालालंपूर येथे 'अक्वे: कोन' ही ऐच्छिक मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली गेली. स्थानिक समाजांच्या पवित्र स्थळांवर होणारे सांस्कृतिक परिणामही तपासावेत, असे ती सांगतात. जगाला हे २००४ मध्ये उमगले. सह्याद्रीतल्या खेडुताने ते पिढ्यान्‌पिढ्या आचरले. काळकाई-वाघजाईच्या राईतील वाळकी काटकीही घरी न्यायची नाही, हा त्याचा कायदा होता.

परंतु पूर्वजांच्या पुण्याईवर किती काळ मिरवायचे? २००६ च्या अधिसूचनेनुसार मूल्यांकन अहवाल तयार करवून घेतो तो प्रकल्पाचा प्रवर्तक. सल्लागार त्याचा, मानधन त्याचे. ज्याच्या हाती पळी, त्याच्याच पानात तूप! जनसुनावणीसाठी गावकऱ्यांना स्थानिक भाषेत मिळतो तो केवळ सारांश. 'बी-२' वर्गातील प्रकल्पांना तर अहवालही नको आणि जनसुनावणीही नको. ही व्यवस्था कोणत्याही परकीय शक्तीने आपल्यावर लादलेली नाही.

यावरचा उपायही आपल्याच कायद्यात आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक-जैवविविधता नोंदवही यांची तरतूद केली. तिची बहुतांश अंमलबजावणी झाली ती राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घालून, त्यानंतर राज्यांना दरमहा १० लाख रुपये भरावे लागतील असा बडगा उगारल्यावर. दंडाच्या धाकाने भरलेल्या वहीत गावाचे ज्ञान कितीसे उतरणार?

विकास हवाच, धरणे, रस्ते, बंदरे यांवाचून राष्ट्र समर्थ होत नाही. मात्र गावाने प्रमाणित केलेली नोंदवही पाहिल्याविना कोणताही मूल्यांकन अहवाल स्वीकारला जाऊ नये आणि संपूर्ण अहवाल मराठीत उपलब्ध व्हावा, या दोन मागण्यांत विकासविरोधी काय आहे?

ग्रामविकासाचे व्रत घेतलेल्या कार्यकर्त्यांनी आपापल्या गावची नोंदवही एकदा उघडून पाहावी. आपली देवराई त्या वहीत नसेल, तर प्रकल्पाच्या नकाशावर ती पडीक जमीन ठरण्यास वेळ लागणार नाही. मग दोष रिओला द्यायचा की स्वतःला?