डिलीट न होणारी फाईल

घरात एकच कॉम्प्युटर आणि त्यावर बसणारे पाचजण असले की एक तक्रार हमखास येते: फाईल डिलीट होत नाही. ‘डिलीट’ दाबलं की पडद्यावर चौकट येते, ही फाईल दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडी आहे म्हणून. ‘ट्राय अगेन’ दहादा दाबलं तरी तीच चौकट. मग कॉम्प्युटर दुकानात जातो आणि तिथे ठरलेलं उत्तर मिळतं, ‘फॉरमॅट मारावं लागेल.’ एका हट्टी फाईलपायी निकाहचे फोटो, दुकानाचे हिशेब आणि मुलांची प्रमाणपत्रं पणाला लावायचं काही कारण नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे.

बहुतेक वेळा विंडोज खरंच बोलत असतं. एखादा प्रोग्राम फाईल वापरत असेल तर विंडोज तिला सहसा हात लावू देत नाही. (लिनक्सची रीत वेगळी. तिथे फाईलचं नाव लगेच पुसलं जातं आणि मजकुराची जागा प्रोग्राम बंद झाल्यावर मोकळी होते.) तेव्हा प्रश्न एवढाच, की फाईल कोणी धरून ठेवली आहे?

सामाईक कॉम्प्युटरवर पहिला संशय घरातल्याच माणसावर घ्यावा. अब्बांनी त्यांच्या अकाउंटमध्ये हिशेबाची शीट उघडी ठेवली आणि तुम्ही ‘स्विच यूझर’ करून तुमच्या अकाउंटमध्ये आलात, तर त्यांची शीट मागे चालूच असते. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. त्यातल्या ‘यूझर्स’मध्ये कोणकोण आत आहे ते दिसतं. तिथून कोणालाही परस्पर बाहेर काढू नका, सेव्ह न केलेलं काम जातं. अब्बांनाच बोलवा, त्यांना सेव्ह करून साइन आउट करू द्या.

दुसरा संशय खुद्द विंडोज एक्सप्लोररवर. अर्धवट डाउनलोड झालेला व्हिडिओ असला की त्याचं छोटं चित्र दाखवायच्या खटपटीत एक्सप्लोररच तो धरून बसतो. आल्ट आणि पी दाबून बाजूचा प्रीव्ह्यू बंद करा. तेवढ्याने भागलं नाही तर टास्क मॅनेजरमध्ये ‘विंडोज एक्सप्लोरर’वर राइट क्लिक करून ‘रीस्टार्ट’ म्हणा. खालची पट्टी क्षणभर जाते आणि परत येते, घाबरू नका.

तरीही चोर सापडत नसेल तर विंडोजमध्येच ‘रिसोर्स मॉनिटर’ आहे. स्टार्टमध्ये नाव टाइप करून तो उघडा, ‘सीपीयू’ भागात जा आणि ‘असोसिएटेड हँडल्स’च्या शोधचौकटीत फाईलचं नाव लिहा. कोणता प्रोग्राम ती वापरतो आहे ते समोर येतं. ओळखीचा असेल तर बंद करा, ‘सिस्टम’ असं नाव असेल तर वाटेला जाऊ नका. एवढं करायचा कंटाळा असेल तर सरळ ‘रीस्टार्ट’ करा. ‘शट डाउन’ नव्हे. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउनमध्ये विंडोजचा गाभा पूर्ण बंद न होता जसाच्या तसा डिस्कवर ठेवला जातो आणि तोच पुन्हा उठतो.

काही फाईली मात्र कोणी धरलेल्या नसतात. विंडोजमध्ये फोल्डरांच्या नावांसकट फाईलचा पूर्ण पत्ता साधारण २६० अक्षरांत बसावा लागतो. झिप उघडताना फोल्डरात फोल्डर असा गुंता झाला की ही मर्यादा ओलांडली जाते. वरच्या फोल्डरांना एकेका अक्षराची नावं द्या, पत्ता आखूड होतो आणि फाईल निमूट जाते. जुन्या कॉम्प्युटरची डिस्क नव्याला जोडली असेल तर अडचण मालकीची असते. फोल्डरच्या ‘प्रॉपर्टीज’मधल्या ‘सिक्युरिटी’त, ‘अॅडव्हान्स्ड’मध्ये जाऊन ‘ओनर’ बदलावा लागतो. पण मालक म्हणून ‘ट्रस्टेड इन्स्टॉलर’ दिसला तर ती विंडोजची स्वतःची वस्तू आहे. जागा कमी पडते म्हणून ती उडवायला जाऊ नये.

इंटरनेटवर ‘कुठलीही फाईल उडवा’ म्हणणारे फुकट प्रोग्राम भरपूर मिळतात. कुठूनही उचललेल्या अशा प्रोग्रामसोबत नको ती जाहिरातबाजी आणि कधी व्हायरसही येतो. हवंच असेल तर मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइजमधलं ‘फाईल लॉकस्मिथ’ घ्या, तेही फुकट आहे.

पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्डाची गोष्ट निराळी, आणि खरी काळजी तिथेच आहे. कॅमेऱ्याच्या मोठ्या कार्डाला कडेला लॉकची छोटी पट्टी असते, ती आधी पाहा. पट्टी ठीक आहे, फाईल डिलीटही झाली, पण कार्ड काढून पुन्हा लावलं की तीच फाईल हजर, असं होत असेल तर कार्ड बहुधा शेवटच्या घटका मोजतं आहे. त्यावर नवं लिहिलं जात नाही, पण जुनं अजून वाचता येतं. अशा वेळी डिलीटचा नाद सोडा. फॉरमॅट तर नकोच. ज्या लग्नाचे फोटो दुसरीकडे कुठेच नाहीत, ते त्याच दिवशी कॉम्प्युटरवर कॉपी करा आणि चार-सहा उघडून खात्री करा. त्यानंतरच त्या ड्राइव्हच्या ‘प्रॉपर्टीज’मधल्या ‘टूल्स’मध्ये जाऊन ‘चेक’ दाबावं. दुरुस्ती करताना विंडोज मोडक्या फाईली कापतं, म्हणून हा क्रम उलटा करू नये.