ग्रब अडला म्हणून कॉम्प्युटर फॉरमॅट करू नका



अपडेटनंतर लिनक्स कॉम्प्युटर सुरूच होत नसेल तर काय करायचं, ते या वेळच्या व्हिडिओत दाखवलंय. इथे मात्र मला थोडं मत मांडायचंय. कारण हा विषय फक्त कॉम्प्युटरवाल्यांचा नाही, तुमच्या गल्ल्याचा आहे.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं, त्यामुळे चांगले चालणारे कितीतरी जुने पीसी बाद ठरले. अशा पीसीवर उबंटू किंवा मिंट टाकून बिलिंग, टायपिंग, ईमेल चालवणं हा हिशेबी निर्णय आहे, आणि मी त्याच्या बाजूनेच आहे. पण सिस्टीम फुकट मिळाली म्हणून देखभाल फुकट होत नाही. एक दिवस अपडेट होतं, मशीन रीस्टार्ट होतं आणि काळ्या स्क्रीनवर फक्त ‘ग्रब रेस्क्यू’ दिसतं.

मग कोणीतरी सांगतो, "फॉरमॅट मारा, अर्ध्या तासात चालू." माझ्या मते छोट्या धंद्याला मिळणारा हा सगळ्यात महागडा सल्ला आहे.

ग्रब हा बूटलोडर. बटण दाबल्यावर लिनक्सला उठवणं एवढंच त्याचं काम. तुमची बिलं, गिऱ्हाइकांची उधारी, डिझाइनच्या फायली यातलं काहीही त्याच्यात नसतं. म्हणजे शटरचं कुलूप अडकलंय, माल आत जागच्या जागी आहे. कुलूप अडकलं म्हणून कोणी गोडाऊन रिकामं करून फेकून देतं का?

हे होतं कसं, तेही बघा. जुलै २०२० मध्ये ग्रबमधली ‘बूटहोल’ नावाची सुरक्षेची त्रुटी जाहीर झाली. दुरुस्तीची अपडेट्स आली आणि काही मशीन उठेचनात. उबंटू-डेबियनच्या जुन्या बायोस पद्धतीच्या मशीनवर ‘ग्रब कॅलॉक’ सापडत नाही असा मेसेज यायचा. ग्रबचे दोन भाग असतात: एक डिस्कच्या अगदी सुरुवातीला, दुसरा बूट फोल्डरमध्ये. फोल्डरमधला भाग नवा झाला, सुरुवातीचा जुनाच राहिला, आणि दोघांचं जमेना. बऱ्याचदा कारण एकच: ग्रब कुठल्या डिस्कवर बसवायचा, याची नोंदच चुकीची होती. जुन्या हार्ड डिस्कची कॉपी करून एसएसडी टाकली की ही नोंद चुकू शकते. आणि आपल्याकडे जुन्या पीसीला वेग यावा म्हणून नेमकं हेच करतात!

ऑगस्ट २०२४ मध्ये वेगळीच गंमत झाली. विंडोजच्या एका सुरक्षा अपडेटनंतर, विंडोज आणि लिनक्स दोन्ही असलेल्या काही मशीनवर लिनक्स उठायचं बंद झालं. तिथेही डेटा शाबूत होता.

मग करायचं काय? क्रम लक्षात ठेवा.

१. लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून मशीन चालू करा. डिस्क दिसली आणि फायली उघडल्या, तर बहुतेक भानगड बूटलोडरचीच. डिस्कच दिसत नसेल किंवा खटखट आवाज येत असेल, तर थांबा. तो आजार वेगळा आहे.

२. दुरुस्तीला हात लावायच्या आधी कामाच्या फायली दुसऱ्या डिस्कवर काढून घ्या.

३. मूळ सिस्टीम युईएफआय पद्धतीने बसवली असेल तर पेनड्राइव्हही त्याच पद्धतीने चालू करा. मग डिस्क माउंट करून, त्या सिस्टीमच्या आत शिरून ग्रब पुन्हा बसवायचा आणि त्याची यादी नवी करायची. कमांड व्हिडिओत आहेत.

४. जुन्या बायोसच्या मशीनवर ग्रबच्या पॅकेजमधली डिस्कची नोंदही दुरुस्त करा. हे राहिलं तर पुढच्या एखाद्या अपडेटला पुन्हा तोच तमाशा.

काही जण म्हणतील, "सर, हे आमचं काम नाही, टेक्निशियनचं आहे." मान्य, हात त्याचाच लागू दे. पण उद्यमनगरातला लेथवाला मशीन स्वतः दुरुस्त करत नसला, तरी मेन स्विच कुठे आहे हे त्याला ठाऊक असतं. तुम्हालाही एवढं सांगता आलं पाहिजे: "आधी डेटा काढा, मग ग्रब बसवा, फॉरमॅट नको." या एका वाक्यात तीन वर्षांची उधारी वाचू शकते.

दुसऱ्या टोकाचे लोक अपडेटच बंद करून टाकतात. तेही मला पटत नाही. बूटहोलचं अपडेट खऱ्या त्रुटीसाठीच होतं. अपडेट करायचंच, पण दिवस आपण ठरवायचा. दर महिन्याला जीएसटी भरणाऱ्यांनी ११ आणि २० तारखेच्या आदल्या दिवशी बूटलोडरला हात लावू नये. दिवाळीच्या गर्दीत तर नाहीच. दुकान बंद असेल त्या दिवशी सकाळी करा, म्हणजे बिघडलं तरी दिवस हातात असतो.

आणि बॅकअप त्याच टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवू नका. २०१९ आणि २०२१ चा पंचगंगेचा महापूर आपण विसरलेलो नाही. एक कॉपी दुकानात, एक घरी, शक्य असेल तर घर वरच्या मजल्यावर असलेल्या माणसाकडे.

शिकायचं असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठी आवाजात मोफत आहेत. रोज पंधरा मिनिटं द्या.

आज एवढंच करा: एक चालू लाइव्ह पेनड्राइव्ह तयार ठेवा आणि एका कागदावर लिहा: कुठलं लिनक्स, कुठली डिस्क, युईएफआय की बायोस. डिस्क एन्क्रिप्ट केली असेल तर तिचा पासवर्ड वेगळ्या सुरक्षित जागी ठेवा. कागद कॅश बॉक्समध्ये टाका. 

भेटू पुढच्या व्हिडिओत. धंदा वाढवा, डेटा जपा!