स्वस्तात घेतलं, म्हणून गप्प बसायचं?

जुनी वस्तू विकणं हा काही गुन्हा नाही. पुण्याच्या जुन्या बाजारात दर रविवारी आणि बुधवारी तेच चालतं. गिऱ्हाईक वस्तू उलटीपालटी करून पाहतं, घासाघीस करतं, पैसे टाकतं आणि घरी जातं. दुसऱ्या दिवशी ती बंद पडली तरी ते बोंब मारत नाही. विकणाऱ्याने कसला शब्द दिलेलाच नसतो आणि भावही त्याच हिशेबाने लावलेला असतो.

‘रिफर्बिश्ड’ म्हणून विकलेल्या गेम कन्सोलची गोष्ट वेगळी आहे. तो उघडला, तपासला, बिघडलेला भाग बदलला आणि पुन्हा चालवून पाहिला, असा दावा त्या एका शब्दात असतो. पंख्यातली धूळ काढली का, प्रोसेसरवरची सुकलेली थर्मल पेस्ट बदलली का, एचडीएमआय पोर्ट धड आहे का, यातलं काहीही गिऱ्हाइकाला बाहेरून दिसत नाही. त्याला दिसते ती फक्त तीन किंवा सहा महिन्यांची वॉरंटी. जुन्या बाजारातल्या भावापेक्षा तो जे जास्त मोजतो, ते या वॉरंटीसाठीच मोजतो. म्हणून वॉरंटी ही बक्षिसी नव्हे, विकत घेतलेला माल आहे. पैसे घेऊन तो न देणं हे मापातलं पाप आहे.

शिरूर आणि दौंड तालुक्यांत हे पाप सहज पचतं. नवा कन्सोल घ्यायचा तर 50 हजारांच्या आसपास लागतात. रांजणगाव किंवा कुरकुंभच्या एमआयडीसीत कंत्राटावर राबणारा तरुण स्वतःसाठी किंवा धाकट्या भावासाठी मोबाइलवरून रिफर्बिश्ड मागवतो. महिन्याभरात पडदा काळा होतो. मग शर्तींचा कागद बाहेर येतो. कन्सोल स्वखर्चाने दुसऱ्या राज्यात पाठवा. मूळ खोका आणा. व्होल्टेज कमीजास्त झालं असेल तर आम्ही जबाबदार नाही. सील तुटलं असेल तर विषयच संपला.

या सीलचीच गंमत पाहा. जो कन्सोल मुळात उघडूनच विक्रीला आला, तोच गावातल्या मेकॅनिकने उघडला की अपवित्र होतो! पुण्याला जायचं तर सत्तर-ऐंशी किलोमीटर, म्हणजे एक खाडा आणि त्या दिवसाची मजुरी बुडाली. म्हणून पोरगा जवळच्या दुकानात जातो आणि तिथेच त्याची वॉरंटी मरते. अमेरिकेत 1975 च्या वॉरंटी कायद्याच्या आधारे तिथल्या व्यापार आयोगाने 2018 साली सोनी, मायक्रोसॉफ्ट आणि निन्टेंडोसह सहा कंपन्यांना अशा अटींबद्दल इशारापत्रं धाडली. आपल्या केंद्र सरकारने ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली ती जुलै 2022 मध्ये.

पण आपल्याकडे कायदाच नाही, असं कुणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यातलं कलम 2(47) वाचा. पुरेशी चाचणी न करता वस्तूच्या कामगिरीची वॉरंटी देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. चाचणी केली होती, असं विकणारा म्हणत असेल तर ते सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर आहे. दुरुस्ती किंवा बदलीचं जे आश्वासन पाळलं जाण्याची वाजवी शक्यताच नाही, ते देणंही याच व्याख्येत बसतं. बिल न देणंही त्यातच येतं. हे संरक्षण फक्त नव्या वस्तूंना आहे आणि जुन्यांना नाही, असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही.

यावर हमखास येणारं उत्तर असं: ‘अर्ध्या किमतीत घेतलंत, मग नव्यासारखी सेवा कशी मागता?’ नव्यासारखी सेवा कोण मागतंय? तुम्ही स्वतः लिहून दिलेले महिने तेवढे पाळा. छोट्या विक्रेत्याला हे परवडत नाही, हेही मी ऐकतो. परवडत नसेल तर ‘जसा आहे तसा’ असं लिहून स्वस्तात विकावं, त्यात कमीपणा काहीच नाही. पण जाहिरातीत मोठ्या अक्षरांत वॉरंटी छापायची, तिचा भाव वसूल करायचा आणि वेळ आली की परवडत नाही म्हणायचं, हा धंदा नव्हे. आणि परवडण्याचंच म्हणाल, तर 2007 साली एक्सबॉक्स 360 मोठ्या प्रमाणावर बंद पडू लागले तेव्हा मायक्रोसॉफ्टने त्या बिघाडासाठी वॉरंटी तीन वर्षांची केली आणि 100 कोटी डॉलरहून जास्त रक्कम बाजूला काढली. गिऱ्हाईक अडून बसलं की कंपनीला परवडतं.

आपल्याकडे गिऱ्हाईक अडून बसत नाही, हे खरं दुखणं. ‘पंधरा हजारांसाठी कोर्टकचेरी कोण करणार?’ या एका वाक्यावर हा सगळा व्यवहार उभा आहे. पण कायद्याने तक्रार जिथे आपण राहतो तिथेच करता येते. विकणारा बेंगळुरूचा असो की दिल्लीचा, शिरूर-दौंडच्या माणसासाठी पुण्याचा जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, अर्ज ऑनलाइन होतो आणि सुनावणी व्हिडिओवरून मागता येते. मुदत दोन वर्षांची आहे. त्याआधी 1915 या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. निकालाला वेळ लागतो, हे मान्य. पण गप्प बसलात तर निकाल आजच लागलेला आहे, तोही तुमच्या विरोधात.

तेव्हा पैसे देण्याआधी तीन गोष्टी लेखी मागा: सीरियल नंबर लिहिलेलं बिल, कोणता भाग तपासला आणि कोणता बदलला याची यादी, आणि बिघडल्यास नेण्या-आणण्याचा खर्च कुणाचा याचं उत्तर. पार्सल उघडताना व्हिडिओ काढून ठेवा. ही तीन उत्तरं जो लिहून देत नाही, त्याला रिफर्बिश्डचा भाव देऊ नका. जुन्या बाजाराचा भाव सांगा.